चंद्रभागेचे पाच पांढरे कपडे

मेन रोडच्या मागच्या बोळात, एका जिन्याखाली, गोटीराम मास्तरांचं शिवणकामाचं दुकान होतं. मास्तर कापड बेतायचे, दोन कारागीर मशीन मारायचे, आणि मग सगळा ढीग चंद्रभागेच्या मांडीवर येऊन पडायचा. काजं, बटणं, हूक, तुरपाई. लग्नाला वर्ष झालं आणि ती तिथे जाऊन बसली ती बसलीच. नाशकातल्या किती वकिलांच्या नि कारकुनांच्या छातीवर तिनं टाकलेली बटणं मिरवत असतील, देव जाणे. पण रस्त्यानं जाताना एखाद्या सदऱ्याकडे बोट दाखवून हा माझ्या हातचा, असं म्हणायची तिला सोय नव्हती. बटणासाठी कुणी सदरा ओळखत नाही.

मान मोडून यायची. जिन्याखाली उजेड बेताचा, त्यामुळे काळ्या कापडावर काळा दोरा आला की डोळ्यांतून पाणी गळायचं. मास्तर माणूस वाईट नव्हते. म्हणायचे, "चंद्राबाई, उद्या करा." पण उद्याचा ढीग उद्या असायचाच.

गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, अलीकडे बायकांच्या एका संस्थेत सकाळचा शिवणवर्ग चालायचा, दोन वर्षांचा. शेवटी परीक्षा आणि सर्टिफिकेट. चंद्रभागेनं त्यात नाव घातलं तेव्हा नवरा सावळीराम म्हणाला, आता या वयात काय शाळा? तो सातपूरला एका कारखान्यावर वॉचमन होता, दिवसा झोपायचा नि रात्री जागायचा, त्यामुळे त्याचं म्हणणं घरात नेहमी जरा उशिराच पोचायचं. सासूचं म्हणणं त्याआधी पोचलं होतं. शकुबाई वणीकडची, बोलायला फटकळ. ती म्हणाली, "जा तू. भाकरी मी टाकते. हात काय मोडले नाय माझे."

हात मोडले नव्हते, पण गुडघे गेले होते. तरी दोन वर्षं रोज पहाटे तिनं स्टोव्ह पेटवला. चंद्रभागा डबा घेऊन सातपूरहून बस धरायची, शालिमारला उतरायची, वर्ग करायची, वर्गातून दुकानात, दुकानातून घरी. घरी आल्यावर लेक मंदा काही सांगायला लागली की ही बसल्या जागी पेंगायची. मंदा म्हणायची, आई शिकायला लागल्यापासून आपल्याशी बोलायची बंद झाली.

वर्गात निम्म्या पोरी कॉलेज करून आलेल्या. मृणालिनी म्हणून गंगापूर रोडची एक मुलगी होती, होमसायन्स झालेली. तिच्याकडे परदेशी चित्रांची मासिकं असायची आणि ती सगळ्यांना बघायला द्यायची. चंद्रभागेला काकू म्हणायची. चंद्रभागा पस्तिशीचीही नव्हती, पण तिनं कधी तक्रार केली नाही. मानेकडून बघितलं तर काकूच होती ती.

वर्ग चालवणाऱ्या लताबाई कडक. त्यांनी शेवटच्या वर्षी एक नवं काढलं. नुसत्या कागदावर आकृत्या काढून आणि परकर शिवून पास करायचं नाही. प्रत्येकीनं स्वतःच्या डोक्यातून पाच कपडे काढायचे, पाचांचं एकमेकांशी नातं दिसलं पाहिजे, आणि ते माणसांच्या अंगावर घालून चारचौघांत दाखवायचे. मुंबईत असंच करतात म्हणे. मुंबईहूनच परीक्षक येणार. आणि आणखी एक सांगितलं. जी पहिल्या वर्गात पास होईल तिला जूनपासून वर्गावर मदतनीस म्हणून घेईन. दोघी-तिघी आल्या तर जिचा हात जुना तिला.

हे शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी चंद्रभागेकडे बघितलं, आणि चंद्रभागेला त्या दिवशी बसमध्ये झोप लागली नाही. मदतनीस म्हणजे खुर्ची. खिडकीजवळची. म्हणजे दुसरीनं काज करायचं आणि आपण उभ्यानं म्हणायचं, टाके जवळ घे गं. तिला काही फार मोठं नको होतं. जिन्याखालून बाहेर यायचं होतं, एवढंच.

बाकीच्या पोरींनी जॉर्जेट आणलं, आरसे आणले, जरीचे तुकडे आणले. चंद्रभागेनं मांजरपाट घेतला, तोही ठाणातला उरलेला तुकडा, पण पांढरा, चांगला खळ काढून धुतलेला. आणि शकुबाईच्या जुन्या लुगड्यांचे काठ. लुगडी विरून गेली होती, काठ मात्र टणक होते, हिरवे, लाल, एक गर्द जांभळा. शकुबाईनं आधी नाक मुरडलं. जुनेराचं नव्याला लावायचं, ही कुठली रीत? पण काठ उसवायला तीच बसली. उसवता उसवता कुठलं लुगडं कुणाच्या लग्नातलं, कोणतं नेसून ती सप्तशृंगीला चढली होती, हे सगळं तिनं सांगितलं, आणि चंद्रभागेनं पेंगत पेंगत ऐकलं.

पाच कपडे झाले. एक झबलं, एक फ्रॉक, एक परकर-पोलकं, एक पंजाबी ड्रेस आणि मंदासाठी पायघोळ मॅक्सी. सगळे पांढरे, आणि प्रत्येकाला कुठे ना कुठे शकुबाईचा काठ. लहान मुलीपासून मोठीपर्यंत एकच बाई वाढत चाललीय असं वाटावं, असा तिचा मनातला हिशेब होता. लताबाईंनी बघितलं आणि कधी नव्हे ते पाठीवर हात ठेवला.

प्रदर्शन पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयात होतं. आदल्या दिवशी तिथे लग्न झालेलं, त्यामुळे स्टेजवर नवरानवरीच्या दोन लाल खुर्च्या तशाच होत्या आणि कोपऱ्यातून जिलबीचा वास येत होता. चंद्रभागा मंदाला आणि शेजारच्या पोरींना घेऊन दुपारीच आली. कपडे सकाळीच इस्त्री करून, चादरीत बांधून ठेवले होते. मागच्या खोलीत तिनं गाठोडं सोडलं.

पाचही कपड्यांवर, पुढच्या बाजूला, गळ्याच्या जरा खाली, हळदीचं एकेक बोट उमटलेलं होतं. ओलं करून, दाबून, नीट लावलेलं.

कुणी लावलं हे विचारायची गरज नव्हती. कोरं कापड हळदीशिवाय अंगाला लावायचं नाही, ही शकुबाईची रीत. लुगडं असलं की ती पदराच्या कोपऱ्याला बोट लावायची, कुणाला दिसायचंही नाही. पण शिवलेल्या कपड्याला कोपरा कुठला? चंद्रभागा सकाळी नळावर गेली असताना म्हातारीनं गाठोडं सोडून कोपरा शोधला असणार, सापडला नसणार, मग सरळ छातीवर लावून मोकळी झाली.

चंद्रभागा मॅक्सी घेऊन मागच्या मोरीवर गेली. लग्नाची पातेली घासायचा साबण तिथे पडला होता, तो तिनं घेतला आणि घासला. हळदीला साबण लावत नाहीत हे शेंबड्या पोरीला ठाऊक असतं. चंद्रभागेलाही होतं. पण दोन वर्षांची झोप अंगात साठलेली, आणि हात डोक्याच्या आधी चालले. बघता बघता पिवळं बोट लालभडक झालं आणि तळव्याएवढं पसरलं. ती तशीच मोरीच्या कठड्यावर बसून राहिली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण तेवढंही त्राण नव्हतं.

लताबाई शोधत आल्या. त्यांनी बघितलं, कपाळाला हात लावला, आणि मग लगेच वाट काढली. त्या अशा वेळी गोंधळणाऱ्यातल्या नव्हत्या. काठाचे तुकडे उरलेत ना? त्यांची फुलं कर आणि डागांवर बसव. पाचही कपड्यांना एकेक फूल, उलट नातं आणखी घट्ट दिसेल. मॅक्सीचं जरा मोठं कर. वेळ आहे. मृणालिनीनं स्वतःचं काम टाकून सुईत दोरा ओवून दिला.

चंद्रभागा बसली. हाताला सवय होती. झबल्याचं फूल झालं, मॅक्सीचं झालं, फ्रॉकचं अर्धं झालं. फुलं खरोखरच शोभून दिसत होती. तिला जरा धीर आला.

तेवढ्यात दाराच्या पडद्याबाहेर शकुबाईचा आवाज आला. ती शेजारच्या भिमाबाईला घेऊन वेळेच्या आधीच येऊन बसली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. पडद्याच्या अलीकडचं बोलणं पलीकडे जातं याची तिला कधीच पर्वा नसायची.

"समदं भागीनंच केलं," ती भिमाबाईला सांगत होती. "मला काय येतंय त्यातलं? पण पाची कपड्यांवर माझं बोट हाय. मंदीच्या तर छातीवरच हाय, बघशील तू. लांबून वळखू येईल."

भिमाबाई काहीतरी म्हणाली. शकुबाई हसली. ती हसायची फार कमी वेळा.

चंद्रभागेचा हात फ्रॉकवर थांबला. मग तिनं कात्री उचलली आणि फूल उसवायला घेतलं. आधी फ्रॉकचं, मग झबल्याचं, मग मॅक्सीचं. उसवायला शिवण्यापेक्षा कमी वेळ लागतो.

लताबाई परत आल्या तेव्हा फुलं जमिनीवर पडली होती आणि कपडे पोरींच्या अंगावर चढले होते. सासूबाईंचं बोट आहे ते, राहू दे, एवढंच चंद्रभागा म्हणाली. लताबाई खालच्या आवाजात पण फार चिडून बोलल्या. दोन वर्षं पाण्यात. एका बोटासाठी. असलं खूळ तुझ्याकडून अपेक्षित नव्हतं.

"बाई," चंद्रभागा म्हणाली, "भाकऱ्या त्यांनी थापल्यात."

लताबाईंना त्यातलं काय समजलं कोण जाणे. त्या निघून गेल्या.

मग एकेकीचं नाव पुकारलं गेलं. मृणालिनीचे कपडे झगमगले, टाळ्या पडल्या. चंद्रभागेची पाळी आली तेव्हा झबलं घातलेली चिमुरडी नवरीच्या खुर्चीवरच जाऊन बसली आणि उतरेना, लोक हसले. मागून फ्रॉक, परकर-पोलकं, पंजाबी ड्रेस, आणि शेवटी मंदा आली. मंदा सरळ चालली. आईनं सांगितलं होतं, खाली बघू नकोस. पांढऱ्या कपड्यावरचा तो लाल डाग शेवटच्या रांगेतूनही दिसत होता.

शकुबाईनं मान उंच करून बघितलं आणि भिमाबाईला म्हणाली, "कुकू पण लावलं व्हय हिनं. बरं केलं."

परीक्षक बाई स्टेजजवळ आल्या. चष्मा नाकावर, हातात पेन. त्यांनी काठ बघितले, शिवण उलटून बघितली, बराच वेळ बघितली. मग फ्रॉकवरच्या पिवळ्या बोटावर पेन टेकवून विचारलं, हे काय आहे?

डिझाइन आहे, म्हणून सांगता आलं असतं. डाग पडला, असंही सांगता आलं असतं. पहिल्या रांगेत शकुबाई ऐकत होती.

"हळद आहे," चंद्रभागा म्हणाली. "नव्या कपड्याला आमच्याकडे लावतात. घरच्या मोठ्या माणसानं लावली."

"आणि हे लाल?" पेन मंदाच्या छातीकडे वळलं.

"ते माझं."

बाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. काठांची कल्पना चांगली आहे म्हणाल्या, शिवण स्वच्छ आहे म्हणाल्या, आणि मग काहीतरी लिहिलं. ते चांगलं नव्हतं हे लिहिण्यावरूनच कळलं.

निकाल लागला. चंद्रभागा दुसऱ्या वर्गात पास झाली. मदतनीस म्हणून मृणालिनीला घेतलं. मृणालिनी स्वतः दुकानापर्यंत पेढे घेऊन आली, जिन्याखाली वाकून आत बघितलं आणि पेढे हातात धरून तशीच उभी राहिली. चंद्रभागेनंच तिला सावरलं. म्हणाली, पोरींचे टाके लांब पडतात, तेवढं बघत जा.

घरी शकुबाई आनंदात होती. तिच्या लेखी सगळं उत्तम झालं होतं. पास झाली, सर्टिफिकेट मिळालं, आणि एवढ्या लोकांनी बघूनही मंदाला दृष्ट लागली नाही, हे बोटामुळेच. सावळीरामनं ते सर्टिफिकेट फ्रेम करून आणलं आणि भिंतीवर खिळा मारायला दुपारी झोपेतून उठला. दुसरा वर्ग म्हणजे काय हे त्या घरात कुणी विचारलं नाही, आणि चंद्रभागेनं सांगितलं नाही.

गोटीराम मास्तर म्हणाले, "आता डिझायनर झालात, चंद्राबाई. काजं करणार का?" थट्टेनं म्हणाले, पण डोळे काळजीचे होते, कारण दुसरी कुणी मिळत नव्हती. चंद्रभागेनं ढीग मांडीवर ओढला.

फरक पडला तो एवढाच की कॉलनीतल्या बायका ब्लाउज घेऊन यायला लागल्या. त्या दिवशी हॉलमध्ये भिमाबाई होती ना, तिनं गावभर केलं. चंद्रभागेनं एक जुनं मशीन घेतलं. शिकली म्हणजे काम कमी होईल असं तिला वाटलं होतं, ते दुप्पट झालं. दिवसभर मास्तरांची काजं, संध्याकाळी घरचे ब्लाउज. मान आता डावीकडे वळेनाशीच झाली. पण घरचा ब्लाउज मापापासून शेवटच्या हुकापर्यंत तिचा असायचा. एखादी बाई तो घालून दारावरून गेली की चंद्रभागा पोळपाटावरून मान वर करून बघायची, आणि खांद्याला चुणी नाही ना, एवढं बघून पुन्हा पोळी लाटायची.

तुरपाई मात्र शकुबाईनं मागून घेतली. बसून बसून काय करू, म्हणाली. तिला दिसायचं कमी, टाके कुठल्या कुठे जायचे, एकदा तर तिनं बाहीच शिवून बंद केली. चंद्रभागा तिच्यापुढे म्हणायची, आत्याबाई, झक्कास. आणि रविवारी दुपारी म्हातारीला डुलकी लागली की तिच्या मांडीवरचा ब्लाउज हळूच काढून घ्यायची, सगळे टाके उसवायची, नव्यानं घालायची, आणि ती उठायच्या आत पुन्हा तिच्या मांडीवर ठेवून द्यायची.