श्रावणीची मागची रांग

श्रावणीला आम्ही राजवाड्याजवळचे मराठी पुरुष मठात उघड्या अंगाने रांगा करून बसतो आणि जानवं बदलतो. बँकेतला एक कारकून दरवर्षी माझ्याच मागे बसायचा, कारण माझी पाठ रुंद आहे. त्याची छाती बाईसारखी भरलेली होती. त्यावर हसणारे आमच्यातच होते, आणि तेही चांगले शिकलेले. तो एका हाताने पंचा गळ्याशी गच्च धरायचा आणि उरलेल्या हाताने सगळे विधी उरकायचा. कुणी काहीही म्हटलं तरी त्याचं उत्तर एकच, "परवाइल्ले." इथल्या तमिळमध्ये म्हणजे असू दे, चालायचंच.

मागच्या श्रावणीला तो म्हणाला, "ऑपरेशन करून घेतो, अण्णा. पुढच्या वर्षी तुमच्या शेजारी बसेन."

यंदा आला तो पुन्हा मागेच बसला. पंचा तसाच.

"काय झालं?" मी पुढेच बघत विचारलं.

"डावीकडे खड्डा पडला. उजवी बाजू होती तशीच राहिली. डॉक्टर म्हणतात, अजून थांबून बघू."

मी परवाइल्लेची वाट पाहिली. ते आलं नाही.

इतक्यात पुढून नवी जानवी आली. त्याचं जानवं मी मान न वळवता खांद्यावरून मागे धरलं. बराच वेळ ते माझ्याच हातात राहिलं.

"वळा, अण्णा," तो म्हणाला. "दोन्ही हातांनी घेतो."