टॉवरविरुद्धचा अर्ज

सिंदेवाहीच्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवत होतो. घरासमोर एका शिंप्याचं दुमजली घर होतं. त्याच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर उभा राहिला, आणि चार महिन्यांनी माझ्या बायकोच्या डोक्यात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. दिवाळीआधी ती गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर मेहुणा अर्ज घेऊन आला. टॉवरच्या किरणांनी हिचा जीव घेतला, टॉवर काढा, असा मजकूर. खाली गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या होत्या. सर्वांत वर माझ्यासाठी जागा सोडलेली होती. सोबत त्यानं इंटरनेटवरून काढलेले इंग्रजी कागद होते. वाचून सांगतो, म्हणालो.

शाळेतून आलो की डिक्शनरी घेऊन बसायचो. दहावीचे पेपर तपासावेत तसे ते कागद वाचले. आत काही हललं नाही. वर्षानुवर्षं फोन कानाला लावणाऱ्यांत काही संशोधकांना गाठी थोड्या जास्त दिसल्या होत्या, पण फोनवर किती बोललो ते त्या रुग्णांनी नुसतं आठवून सांगितलेलं. बाकीच्या संशोधकांना फरक दिसला नव्हता. टॉवरपासून अंगावर येणारे किरण त्याहून कितीतरी कमी. हिनं तर मोबाईल कधी हातातही धरला नव्हता. आणि गाठ कित्येक वर्षांची आहे, हे डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं.

मेहुणा परत आला.

"टावरनं कोणालेच काही होत नाई, असं मी म्हणून नाई राह्यलो," मी म्हणालो. "पण तिची गाठ टावरच्या आधीची आहे. हे लिहिलेलं खरं नाई."

"बहीण गेली माझी, अन् तुम्ही महिने मोजून राह्यले? काऊन भाऊजी, तुम्हाले रडू नाई येत का?"

मी सही न करता अर्ज परत दिला. त्यानंतर तो वर्षभर आला नाही.

गल्लीतल्या बायकांनी शिंप्याकडे ब्लाउज टाकणं बंद केलं होतं. एका सकाळी शिंपी माझ्या दारात आला.

"सर, खरं सांगा. माझ्या छतानं बाईले मारलं का?"

"नाई."

"पक्कं?"

"तिच्या बाबतीत पक्कं. बाकीचं अजून कोणालेच पक्कं माहीत नाई."

तो पायरीवर बसला आणि मोठ्यानं रडू लागला. मी पाणी आणून दिलं, जवळ उभा राहिलो. शाळेत पहिला तास माझा होता. त्याला तसंच बसू दिलं, दार उघडं ठेवलं आणि सायकल काढली.