नऊ फुटांचं क्लॅरिनेट

वरच्या सुराला कोणीही भाळतं. पण खालच्या सुरासाठी घरदार आणि माझ्या सासरच्या मंडळींची अब्रू पणाला लावणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. उमेदीची सारी वर्षं मामांनी मालगाड्यांची इंजिनं हाकली. त्यात कान जवळजवळ गेले, पण इंजिनाची घरघर अंगात मुरली. रिटायर होऊन डहाणूजवळ नरपडच्या चिकूच्या बागेत राहायला आले, तर तिथली शांतता त्यांना सोसेना. तरुणपणी रेल्वेच्या बँडमध्ये वाजवलेलं क्लॅरिनेट पेटीतून काढलं, आठ दिवस फुंकलं आणि "फार चिरकं बोलतं हे" म्हणून परत पेटीत घातलं. तेव्हापासून त्यांना अतिखोल आवाजाच्या क्लॅरिनेटने झपाटलं.

पाहुण्याने चहाचा कप तोंडाला लावला की मामांचं सुरू. "बासरी आणि क्लॅरिनेट एकाच लांबीची घ्या, जावईबापू. क्लॅरिनेट अख्खं सप्तक खाली बोलतं. का? त्याचं फुंकायचं टोक बंद असतं." आणखी एक सप्तक खाली जायचं तर नळी दुप्पट, दोन सप्तकं जायचं तर चौपट, म्हणजे सव्वादोन फुटांची नळी नऊ फुटांवर जाते. युरोपातल्या कारागिरांनी यावर पिढ्यान्‌पिढ्या डोकं फोडलं. लाकडाची केली तर खांबाएवढी जाड व्हायची, आणि भोकं इतकी लांब की बोटं पोचेनात. मग लांब दांड्यांच्या चाव्या आल्या, नळी दुमडली गेली, आणि शेवटी एका फ्रेंच कारखानदाराने धातूची नळी सेफ्टीपिनसारखी वळवून सगळं माणसाच्या आवाक्यात आणलं. "आणि त्याहून खाली?" असं मी एकदा भिडेखातर विचारलं. अठरा फुटांचंही बनलंय, हे ऐकून उठलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून मामांनी ते बनवायला घेतलं. डहाणूच्या हार्डवेअरवाल्याकडे जाऊन ते प्रत्येक पीव्हीसी पाइप तोंडाला लावून बघत. "मामा, पाइप लेवानो छे के वगाडवानो?" असं तो गुजराती शेठ विचारी, म्हणजे घ्यायचाय की वाजवायचाय, आणि मामा गंभीरपणे म्हणत, "दोन्ही." चाव्यांच्या दांड्या सायकलच्या ब्रेकच्या सळ्यांच्या, भोकांवरच्या गाद्या जुन्या स्लीपरच्या रबराच्या. मामींची नवी स्लीपर त्यात गेली तेव्हा त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. मामांच्या ते लक्षात आलं नाही.

दोन हजार चौदाच्या दिवाळीत ते वाजू लागलं. सगळे सूर निघत, फक्त सर्वात खालचा निघतो की नाही, ते मामांना कळेना. "कंप मला दातांत लागल्यासारखा वाटतो," ते म्हणाले, "पण बाहेर काय जातं ते तुमच्या कानांनी सांगा." माझी नेमणूक अशी झाली: दर रविवारी बागेच्या टोकाच्या कुंपणाशी उभं राहायचं आणि तो सूर ऐकू आला की रुमाल वर करायचा. मी तलासरीच्या शाळेत मास्तर. खरं सांगणं हा माझा पगारी धंदा. पहिले काही रविवार मी प्रामाणिक राहिलो. पण रुमाल खाली राहिला की मामा अख्खं यंत्र उकलायला बसत, आणि जेवण तासभर पुढे जाई. एका रविवारी ऊन होतं, भूक होती, घरात पापलेट तळल्याचा वास सुटला होता. मी रुमाल वर केला. मामांनी वाद्य खाली ठेवलं आणि दोन्ही हात जोडले, मला की आकाशाला कोण जाणे. त्या दिवशी मी तीन तुकड्या खाल्ल्या, आणि पुढची तीन वर्षं दर रविवारी रुमाल वर करत राहिलो.

एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. पण हेडमास्तरांपुढे मिरवायला मीच मामांना शाळेच्या स्नेहसंमेलनात बोलावलं. वाद्य टेम्पोतून आलं. सोबत बागेचा राखणदार. हा तलासरीकडचा, सणाला तारपा, म्हणजे भोपळ्याचं फुंकवाद्य, वाजवणारा, रविवारी आपल्या पाड्यावर जायचा म्हणून आमची परीक्षा त्याने कधी पाहिली नव्हती. मामांनी सुरेख वाजवलं. मुलं थक्क झाली. मग मामा म्हणाले, "आता शेवटचा सूर. हा कानाने नाही, छातीने ऐकायचा." आणि त्यांनी सारा जीव ओतून फुंकलं. नळीतून नुसती हवा आली. मंडपात हशा पिकला. मामांना हसणं ऐकू येत नव्हतं. गाल फुगवून, घामाघूम होऊन, ते मंडपाच्या टोकाला उभ्या असलेल्या मला शोधत होते. मी रुमाल वर केला. मामांनी हसणाऱ्या मुलांना वाकून नमस्कार केला. इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती, अजूनही वाटते, आणि वाटायलाच हवी.

परतीच्या वाटेवर राखणदाराने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "मामा, त्या शेवटाला आवाज नाय आला. निसता वारा आला." त्याला कोणाची मर्जी राखायची नव्हती, की पापलेट खायचं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा मामा नळीत पाणी भरून बसले होते. खालच्या वळणावरच्या एका गादीतून थेंब थेंब गळत होतं. "इथून हवा जात होती," ते म्हणाले. "पहिल्यापासून." मला काही विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पानात नेहमीसारखी पापलेटची तुकडी वाढायला लावली. ती मी तशीच पानात ठेवली.

गादी बदलल्यावर आम्ही दोघं कुंपणाशी उभे राहिलो, मी आणि राखणदार; त्या रविवारी तो पाड्यावर गेला नव्हता. मामांनी फुंकलं. आधी काहीच नाही, मग पायाखालची माती हळूच गुरगुरल्यासारखी वाटली, आणि कुंपणाची तार माझ्या हाताखाली थरथरली. तो सूर आला होता. मी रुमाल वर केला, अगदी टाचा उंचावून केला.

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मायेनेच पाहिलं. मग त्यांची नजर माझ्यावरून पुढे सरकली आणि राखणदारावर थांबली. त्याने मान हलवली. तेव्हा कुठे मामा हसले.