पुसणं आणि पुसून टाकणं

माझी शाळा चौथीपर्यंत. वाचता येतं, आणि वाचलेलं पटलं नाही तर तसं बोलताही येतं. नातीला माझी गरज पडली ती यासाठीच.

नात ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करते आणि उरलेल्या वेळात फुकटचं काम करते. कॉम्प्युटर ज्या सिस्टीमवर चालतो, ती काही लोक मिळून बनवतात आणि कुणालाही फुकट देतात. ती मशीनमध्ये घालताना स्क्रीनवर एकामागून एक प्रश्न येतात. भाषा कोणती, नाव काय, कुठे घालू. ते प्रश्न सोप्या मराठीत आणायचं काम हिनं अंगावर घेतलं होतं.

"आजी, तुला जमलं तर सगळ्यांना जमेल," म्हणाली. हा मान होता की अपमान, मी विचारलं नाही.

लॅपटॉप माझ्या मुलाचा, जुना. चालू केला की माझा चहा पिऊन कप विसळून व्हायचा, तरी हा उठत नसे. पण त्याच्यात माझ्या थोरल्या बहिणीचे धवले होते. धवले म्हणजे आमच्याकडे लग्नात बायका म्हणतात ती गाणी. तिच्या गव्हाण गावात तिच्याशिवाय कुणाची हळद लागत नसे. नातीने मागे तिला पुढ्यात बसवून ते भरून घेतले होते. आता बहीण एक ओळ म्हणते आणि पुढची खोकला म्हणतो. म्हणजे ते धवले गेले तर गेलेच. नवी सिस्टीम घालून मशीन हलकं झालं की लॅपटॉप माझा, हवे तेव्हा धवले ऐकायचे, असं ठरलं.

रविवारी भांडी आवरून आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो. नातीने नियम सांगितला.

"तू बटणं दाबायची आणि मनात येईल ते मोठ्याने बोलायचं. मी एक शब्द बोलणार नाही. मी मदत केली तर माझं काय चुकलंय ते कळणार कसं?"

"तू गप्प बसणार? थांब, आधी देवाला दिवा लावते."

पहिल्याच स्क्रीनवर होतं, 'स्थापना सुरू करा'. मी म्हटलं, "कसली स्थापना? गणपतीला अजून अवकाश आहे." नातीने कागदावर काहीतरी खरडलं. पुढे 'विभाजन' आलं. "वाटणी म्हण की गो बाय. सरकारने जमिनी घेऊन पैसे दिल्यापासून हा शब्द आमच्याकडे पाळण्यातलं पोरही ओळखतं." तिने पुन्हा खरडलं.

मग दोन ओळी आल्या. वर 'डिस्क पुसून स्थापना करा', खाली 'सहअस्तित्वात स्थापना करा'.

"सहअस्तित्व? हे कुणाच्या घरात असतं?" मी म्हटलं. वरची ओळ मला आवडली. माझ्या माहेरी पुसणं म्हणजे विचारणं. 'मला कुनी पुसला नाय' म्हणून दर लग्नात एक तरी आत्या रुसते. "हे शहाणं आहे. आधी डिस्कला पुसतंय, मग हात लावतंय." मी दाबलं.

नातीचा चेहरा नासलेल्या दुधासारखा झाला, पण ती बोलली नाही. लगेच स्क्रीनवर आलं, 'तुमची खात्री आहे का?'

"बघ! पुसतंय की!" मी खूश होऊन 'होय'वर बाण नेला.

तिने माझा हातच धरला. "आजी, थांब! सगळं जाईल!"

"काय सगळं?"

"धवले."

"तू दुसरीकडे काढून ठेवले असशील ना?"

"ठेवणार होते गं."

"ठेवणार होते! अगदी बापावर गेलीस."

"पण 'पुसून' असं स्वच्छ लिहिलंय ना!"

"तेच म्हणते. पुसून लिहिलंय. 'पुसून टाकून' लिहिलं असतंस तर मी बोट तरी लावलं असतं का?"

ती टेबलावर डोकं ठेवून हसली. मीही हसले. पदराला हात पुसले तेव्हा कळलं, ते घामाने ओले होते.

आधी तिने धवले पेनड्राइव्हवर घेतले. मग शब्दांवरून आमची जुंपली. ती म्हणाली, 'सर्व माहिती नष्ट होईल' लिहू. मी म्हटलं, माहिती पंचायतीत असते, माणसांकडे गाणी आणि फोटो असतात. शेवटी लिहिलं, 'या कॉम्प्युटरमधली गाणी, फोटो, सगळं कायमचं जाईल. परत मिळणार नाही.' बटणावर 'होय'च्या जागी 'सगळं काढून टाका' आलं. 'जुनं राहू द्या, शेजारी नवं घाला' ही ओळ वर गेली. 'पासवर्ड'च्या जागी मला 'परवलीचा शब्द' हवा होता. ती म्हणाली, आजी, तू तरी तसं बोलतेस का? तिथे 'पासवर्ड'च राहिला, आणि ते बरोबरच आहे.

पुढच्या रविवारी सगळी बटणं मीच दाबली. नात शेवटपर्यंत गप्प होती. आमच्या घरात असं पूर्वी झालेलं नाही.

धवले ऐकायला बहिणीला गव्हाणहून बोलावलं. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर तोंड वाकडं करून म्हणाली, "लय घाईत म्हटलाय गो. पुसून टाक. मी परत म्हनते."

"नाय!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

"वरडता कशाला? माझाच आवाज हाय ना?" म्हणून तिने सूर लावलाच. एक ओळ झाली आणि खोकला आला.

नातीने तेही भरून घेतलं. दोन्ही ठेवले आहेत, नवा खोकल्यासकट. दुसरीकडे काढून ठेवलेस का, हे मी तिला तिथल्या तिथे पुसलं.