पाठीमागच्या पिना

सावनेरच्या बसस्टँडवर आईनं माझी बॅग चढवून दिली आणि खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "रोज एक फोटो टाकत जाजो वं स्टेटसले. तुले पाह्यलं का मले दिवसभर बरं वाटते." बॅगेत तिनंच शिवलेले कुर्ते होते. नागपूरचं माझं कॉलेज तासाभरावर, पण ती अशी पाहत होती, जशी काही मी दुबईलाच निघाले.

आई घरी शिवणकाम करते. माझे फोटो ती गिऱ्हाइकांना दाखवते आणि बायका म्हणतात, तुमच्या पोरीसारखाच शिवून द्या. झालं. म्हणजे मी हसले की आईचं काम वाढतं. सांगा, थांबू कशी?

आधी खरंच मजेत होते. मग काय बिघडलं, ते मलाच धड सांगता येत नाही. होस्टेलच्या खाटेवर पडल्या पडल्या वर्गातल्या पोरींचे फोटो पाहत राहायचं. कोणी इंटर्नशिपला, कोणी मैत्रिणींसोबत फिरायला. आपलंच काही होत नाही असं वाटून मेसमध्ये जावंसं वाटेना, लेक्चरला तर नाहीच. रविवारी मात्र उठायचं, केस धुवायचे, एकामागून एक कुर्ते घालून गच्चीवर फोटो काढून ठेवायचे. आठवड्याची बेगमी. कुर्ते ढगळ व्हायला लागले तेव्हा पाठीमागून पिना लावल्या. समोरून एकदम झकास. तुम्हीही घर सोडून आल्या असाल, तर तुमच्याही पाठीला पिना आहेत का, हे मला फार विचारावंसं वाटतं.

दिवाळीत घरी गेले. नव्या कुर्त्यासाठी आईनं टेप लावला, पुन्हा लावला. "काहून एवढी वाळली वं? फोटोत तं भरलेली दिसे."

"मेसचं जेवण," मी म्हटलं.

तिनं माझे जुने कुर्ते काढले, पाठीवरची पिनांची भोकं बोटानं चाचपली. आता विचारेल म्हणून मी थांबले. ती मशीनवर बसली आणि एकेक कुर्ता बाजूंनी आवळत गेली. तिला दुसरं काय येतं? मला तरी कुठे बोलता येतं?

निघताना म्हणाली, "आत कापड सोडून ठेवलं हाये. भरली का उसवून घेजो." आणि मग सवयीनंच, "फोटो टाकजो."

टाकते. आता पिना लागत नाहीत. घर कुठे असं कोणी विचारलं की तोंड सावनेर म्हणतं आणि हात कमरेच्या शिवणीवर जातो, आत दुमडलेल्या त्या बोटभर कापडावर. अजून उसवायची वेळ आलेली नाही.