अक्षता पडून मेलेलं मशीन

शामला मेश्रामच्या घरी कॉम्प्युटर आहे, ही बातमी नागपूरच्या इंदोरा वस्तीत पसरली तेव्हा निम्म्या लोकांनी ती थापच समजली. अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. तेव्हा नागपुरात कॉम्प्युटर म्हणजे काचेची खोली, एसीची गार हवा आणि जवळ जायला साहेबाची परवानगी. आणि शामलाचं मशीन कुठं? तर पुढच्या खोलीत, लोखंडी पलंगाच्या बाजूला, कूलरपासून हातभर लांब. कोणीही यावं, पाहावं, बोट लावून विचारावं, ‘हे काय हाये वं?’

मशीन काही नवं नव्हतं. हिरव्या अक्षरांचा जाडजूड पडदा, खाली दोन फटी, त्यांत पापडासारख्या फ्लॉप्या सरकवायच्या. पहिली फ्लॉपी पोटात गेल्याशिवाय त्या मशीनला स्वतःचं नावही आठवत नसे. शहाणी माणसं सांगून जात, ‘बाई, हे बाद झालं. आता डॉसचा जमाना आला.’ शामला म्हणायची, ‘झालं असन बाद. माह्यं काम तर होऊन राहिलं ना? मंग तुमच्या पोटात काहून दुखते?’

तर हे मशीन तिच्याकडं आलं कसं, ते ऐका. कारण विकत घ्यायची तिची ऐपत नव्हती आणि चोरून आणणाऱ्यातली ती नव्हती.

शामला गांधीबागेत भैयाजी शेटच्या कपड्याच्या ठोक दुकानात टायपिस्ट होती. त्र्याऐंशी साली शेटनी मोठ्या हौसेनं कॉम्प्युटर आणला. शिकवायला कंपनीचा माणूस आला. शेटचा पुतण्या मधुसूदन दुसऱ्याच दिवशी जांभया देऊ लागला, शामला मात्र चिकटून बसली आणि शिकली. पुढं काही वर्षं विदर्भातल्या गावोगावच्या दुकानदारांची नावं, पत्ते, कोणाला कोणता माल चालतो, सगळं तिच्या बोटांतून त्या मशीनमध्ये गेलं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्या काचेच्या खोलीत ती एकटी बसायची आणि तिचं कोणाला काही वाटत नसे.

पण सत्त्याऐंशीच्या दिवाळीत शेटच्या मनात आलं, वहीपूजनाबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा करावी. भटजी आले. शेटनी सगळ्या नोकरांना आत बोलावलं आणि शामलाला म्हणाले, ‘तू बाहेरूनच पाहा हं, खोली लहान आहे.’ वा रे खोली! चहावाला मावला, हमाल मावले, शेजारच्या दुकानातला मुनीमही मावला, एकटी शामला तेवढी मावली नाही. कारण काय ते तिलाही ठाऊक होतं आणि आत उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. छप्पन साली बापाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेलेली ती पोर. तिला त्या पूजेची ओढ नव्हतीच. पण काचेबाहेर उभं राहताना तिच्या अंगाची लाही लाही झाली.

आत भटजींनी मशीनला हळद-कुंकवाची बोटं ओढली आणि वरून मूठभर अक्षता टाकल्या. फटीचं दार उघडं होतं. शामलानं काचेवर थाप मारली, ओरडून सांगितलं, ‘अहो, फटीत जाऊन राहिलं ते!’ मधुसूदननं हातानंच तिला गप्प राहायची खूण केली. मंत्र चालू होते ना!

पाडव्याला मशीन मुकं. पडदा हिरवा, पण अक्षर एक नाही. शामला म्हणाली, ‘भैयाजी, त्या फटीत...’ मधुसूदननं तिला पुढं बोलूच दिलं नाही. ‘कंपनीचा माणूस येतोय. तुला काय समजतं त्यातलं?’ कंपनीच्या माणसाला नवं मशीन विकायचं होतं. त्यानं आत डोकावून पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, जुनं मॉडेल, पार्ट मिळत नाहीत, मेलं म्हणून समजा.

नवं मशीन आलं आणि त्याच्यासमोर मधुसूदन बसला. शेटनी शामलाला बोलावून गोड आवाजात सांगितलं की आता टायपिस्टचं काम उरलं नाही. निरोपाची म्हणून एक चांगली साडी पुढं केली.

शामलानं साडीकडं पाहिलं नाही. ‘साडी नको, भैयाजी. ते मेलेलं मशीन द्या.’

शेट हसले. ‘घेऊन जा. भंगारवाल्याला बोलवायचा ताप वाचला.’

सायकलरिक्षात मशीन मांडीवर आणि त्याचा प्रिंटर, सुरू करायची फ्लॉपी पायाशी घेऊन ती घरी आली. नवरा रुपराव दारातच ओरडला, ‘हे काय मढं आणलं वं घरात?’ त्याचंही बरोबर होतं. त्याची मिल बंद पडली होती, आता हिचीही नोकरी गेली, आणि ही बाई भंगार घेऊन आली. शामलानं मशीन खाली ठेवलं. पेचकस घेतला, मशीन उघडलं. आत कुंकवाचा लाल चिखल झाला होता आणि त्यात तांदळाचे दाणे रुतून बसले होते. भुवया उपटायच्या चिमट्यानं तिनं एकेक दाणा काढला. मग स्पिरिट आणि कापूस घेऊन ते लाल निघेपर्यंत पुसत राहिली. फ्लॉपी घातली. खरखर झाली आणि पडद्यावर अक्षरं उमटली. शामला रडली. इतक्या दिवसांचं साचलेलं रडली आणि मग स्वतःलाच म्हणाली, ‘आता कोनाच्या बापाले भीत नाई मी.’

हळूहळू तिच्या दारी लोक येऊ लागले. मीटरचा अर्ज, पोराच्या नोकरीचा अर्ज, लग्नाच्या मुलीची माहिती, विहारातल्या कार्यक्रमाची पत्रकं. मशीनला मराठी अक्षरं येत नव्हती, तर शामला इंग्रजी अक्षरांतच मराठी छापायची. आणि गंमत पाहा, हातानं लिहिलेला अर्ज ऑफिसात महिनोन्‌महिने धूळ खायचा. ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांचा, कडेला भोकं असलेला कागद पुढं आला की तोच बाबू खुर्चीत सरळ बसायचा. कॉम्प्युटरचा कागद! न जाणो कुठल्या साहेबाकडून आला असेल! शेजारचे लहानूबुवा तर किराण्याची यादीही छापून मागायचे, वाणी भेसळ करायला घाबरतो म्हणून. त्या बाद मशीनवर मेश्रामांची चूल पेटत होती. ते गेलं असतं तर दोघं पुन्हा रस्त्यावर.

आणि एकोणनव्वदच्या एप्रिलात मधुसूदन हातगाडी घेऊन दारात हजर झाला.

‘काकांनी मशीन परत मागितलंय,’ तो म्हणाला. ‘त्यांच्या मुलीचं, आमच्या ताईचं लग्न आहे. गावोगावच्या दुकानदारांना पत्रिका जायच्यात. पत्ते सगळे जुन्या फ्लॉप्यांत आहेत आणि नवं मशीन त्या वाचतच नाही.’

‘मशीन माह्यं हाये,’ शामला म्हणाली. ‘दिलेलं दान परत मागाची रीत कधीपासून झाली, मधुबाबू? फ्लॉप्या घेऊन या, नंबर लावा. छापून देतो.’

तो तणतणत गेला. रुपरावचं तोंड उतरलं. ‘मोठी मानसं हायेत वं. पोलिसात गेले तर? देऊन टाक.’

‘देऊन टाकू? अन् उद्या खाऊ काय?’ ती म्हणाली. पण त्या रात्री तिनं दाराला कडीबरोबर आतून कुलूपही घातलं. शेटच्या दुकानात ठाणेदार कापड घ्यायला यायचा, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी खुद्द भैयाजी शेट आले. मोटार गल्लीत शिरेना, म्हणून पायी आले, फ्लॉप्यांचा डबा छातीशी धरून. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. दारापुढच्या बाकावर लहानूबुवा आणि आणखी दोघं नंबर लावून बसले होते.

‘शामला, जरा जल्दी आहे,’ शेट म्हणाले.

‘सगळ्याईलेच असते, भैयाजी. बसा.’

शेट बसले. लहानूबुवांनी सरकून जागा दिली, तर शेट बाकाच्या टोकावर अधांतरी टेकले. अख्खी गल्ली दारांतून पाहत होती. नंबर आला तसे ते आत गेले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘जिद्द सोड. मशीन घेऊन दुकानात चल. पगार वाढवतो. तूच मुख्य ऑपरेटर, मधुसूदन तुझ्या हाताखाली.’

रुपरावनं दारातूनच मान हलवली, हो म्हण, हो म्हण. शामलाच्याही मनात आलं, महिन्याच्या महिन्याला बांधलेला पगार, काय वाईट? मग ती म्हणाली, ‘दिवाळीले मले काचेबाहेर उभं केलं तुम्ही, भैयाजी. रोज जिथं मी बसत होती, तिथूनच बाहेर काढलं. तुमचा पगार तुमच्याकडं राहू द्या.’

‘ते भटजींचं होतं...’ शेट पुटपुटले.

तिनं फ्लॉपी घातली. आर्वी, वरुड, कन्हान, उमरेड, एकेक नाव पडद्यावर चढू लागलं. प्रिंटर किरकिरत कागद ओकू लागला आणि कागद घडी पडत पलंगाखाली गेला. शेटच्या डोळ्यांत पाणी तरळलं. पोरीचं लग्न होतं, माणूसच तो. ‘कंपनीवाला तर मेलं म्हणाला होता गं. जिवंत कसं केलं?’

‘तुमच्या अक्षता काढल्या.’

लक्ष्मी दिसली की हात आपोआप पुढं जावा, तसा शेटचा हात मशीनला लावून कपाळी न्यायला उठला, आणि अर्ध्यावरच थबकला. कुठं बसलो आहोत, ते आठवलं असावं. हात हळूच मागं आला.

शामलानं ते पाहिलं. दारातल्या सगळ्यांनी पाहिलं. ती कागद फाडत, अगदी साध्या आवाजात म्हणाली,

‘लावा ना हात, भैयाजी. आमच्या घरी कोनाच्याई हातानं काई बाटत नाई.’