पाबे घाटाचा उतार

सोनबांनी तीस वर्षं विंझरहून पानशेतला जीप हाकली. पाबे घाटाचा माथा आला की इंजिन बंद करायचं आणि पायथ्यापर्यंत फुकटात उतरायचं, ही त्यांची रीत. ब्रेक दगडासारखा जड व्हायचा, पण तेल वाचायचं.

लेक रत्नानं छोटी पेट्रोल गाडी घेतली. इंजिनाला तीनच सिलेंडर हे ऐकून सोनबांनी नाक मुरडलं. "ही चढंल व्हय घाट?" पण टर्बोनं रेटा दिला तशी गाडी सरसर माथ्यावर आली.

उतार लागताच सोनबा खेकसले, "आगं, इंजिन बंद कर की! उगं तेल जाळतीस."

"न्हाई आबा. गिअरात ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरनं पाय उचलला की हे इंजिन आपणहून पेट्रोल तोडतं. तुमीच बघा."

समोरच्या पडद्यावर जळणाऱ्या पेट्रोलचा आकडा शून्य होता. इंजिन चालू, ब्रेक लोण्यासारखा. सोनबा पायथ्यापर्यंत त्या शून्याकडंच बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ते एका ड्रायव्हरला झापत होते. रत्ना शेजारीच उभी होती, तरी आवाज चढलेलाच. "येडा हायस का, उतारावर इंजिन बंद करतोस? गिअरात उतरायचं! आमच्या रत्नाला म्याच शिकवलंय!"